काठावरची गॅरंटी

ज्या मुलखात कंदील पोचला होता पण पूल अजून पोचला नव्हता, अशा एका मुलखात एक नदी होती. नदीच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे आठवड्याचा बाजार. मीठ पलीकडे, तेल पलीकडे, बांगड्या पलीकडे, आणि गावातल्या लेकींची सासरंही बहुतेक पलीकडेच. नदी ओलांडल्यावाचून कुणाचंच चालत नसे.

दुसरी वाट नव्हती असं नाही. डोंगराला वळसा घालून एक वाट जायची. पण त्या वाटेनं पहाटे निघालेला माणूस बाजार उठता उठता पोचायचा. उठलेल्या बाजारात जाऊन करायचं काय? लोकांनी टाकलेला पाचोळा गोळा करायचा?

नदीला एके ठिकाणी उतार होता. पाणी पसरट, तळाला वाळू. पावसाळ्याचे महिने सोडले तर कमरेच्या वर पाणी नसायचं. त्या उतारावर गावानं एक वाटाड्या नेमला होता. सुगीच्या वेळी घरटी पायली-दोन पायली धान्य त्याला मिळायचं आणि त्याबदल्यात तो लोकांना पार करून द्यायचा.

म्हातारा वाटाड्या होता मोठा अबोल. त्याची एक रीत ठरलेली होती. उजाडायच्या सुमारास तो कळकाची काठी घेऊन पाण्यात उतरायचा. काठी टेकायची, पाय सरकवायचा, पुन्हा काठी टेकायची. असा चाचपत चाचपत पलीकडच्या काठापर्यंत जायचा. मग उलटा फिरून मधोमध यायचा आणि जिथं पाण्याला सगळ्यात जास्त ओढ, तिथं पाय रोवून उभा राहायचा. त्यानंतर काठावरची माणसं उतरायची. सगळ्यांनी त्याच्या वरच्या अंगानं जायचं, म्हणजे कुणाचा पाय सुटलाच तर ते माणूस वाहत नेमकं त्याच्या हातात यावं. शेवटची म्हातारी पलीकडे चढून लुगडं पिळायला लागेपर्यंत तो जागचा हलत नसे.

काठावरून कुणी विचारलं, "म्हातारबा, पाणी कसं आहे आज?" तर तो तोंडानं काही सांगायचा नाही. पाण्यात जायचा. तेच त्याचं सांगणं.

थंडीत हाल व्हायचे. माणसं काही एकदम येत नाहीत. एक गूळ घेऊन येतो, एक घोंगडी घेऊन येतो, एकाला घरातून निघताना बायकोशी भांडायचं असतं. तोवर हा पाण्यात उभा. त्याचे पाय भिजून भिजून पांढरे पडलेले, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. कुणी म्हणायचं, "म्हातारबा, जरा शेकोटीला या की." तो मान हलवून पलीकडच्या काठाकडे बोट करायचा. म्हणजे, अजून माणसं परत यायची आहेत.

असं कितीतरी वर्षं चाललं. त्या उतारावर माणूस गेलं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग एकदा गावात एक कंदीलवाला आला.

त्यानं पारावर कंदील मांडले. काचा लखलखीत, बुडं पितळेची. एकेका काचेवर बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा, डोळे अर्धे मिटायचा, तळवा आकाशाकडे करायचा आणि म्हणायचा, "गॅरंटी आहे!"

तो शब्द गावात त्या दिवशी पहिल्यांदा आला. कंदील चांगले होते, त्यात वाद नाही. पण गावाला खरी भुरळ पडली ती त्या शब्दाची. तो ऐकला की छातीतलं काहीतरी सैल पडायचं. पुढं विचारायचं काही उरायचंच नाही.

म्हातारा वाटाड्याही पारावर बसला होता. कंदीलवाला उरलेला माल बांधत होता, तेव्हा त्यानं विचारलं, "ते काय म्हणालात हो तुम्ही? त्याचा अर्थ काय?"

कंदीलवाल्याच्या दातांत सुतळी धरलेली. त्याच्या आधी गावच बोललं. न्हावी म्हणाला, "अहो म्हातारबा, गॅरंटी म्हणजे गॅरंटी!"

"ते ऐकलं. पण म्हणजे करायचं काय असतं?"

"करायचं काही नसतं हो. म्हणायचं असतं!"

पार खदखदून हसला. कंदीलवाल्याला ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं. तोही हसला आणि ओझं उचलून चालायला लागला. अर्थ सांगायचा तसाच राहिला.

महिन्याभरात तो शब्द घरोघरी पोचला. न्हावी वस्तरा पुसत म्हणायचा, "दोन्ही कल्ले सारखे, गॅरंटी." एकानं आरशात बघून सांगितलं, "अरे, डावा वर आहे की!" त्यावर न्हावी म्हणाला, "आरसा वाकडा आहे. गॅरंटी." वैद्यानं एकाला तीन पुड्या दिल्या आणि सांगितलं, तीन दिवसांत खोकला जाईल, गॅरंटी. खोकला गेला नाही. पण तो खोकणारा चारचौघांत खोकत खोकत मोठ्या मानानं सांगायचा, "आमचं औषध साधंसुधं नाही, गॅरंटीचं आहे." लग्नं जुळवणारा एक जण होता, त्यानं तर बिनदाताच्या नवऱ्यामुलाला गॅरंटीवर उजवलं.

गंमत वाटते ऐकताना. पण त्या गावात एक दुसरी वैदीण होती, तिला खरोखर औषधातलं कळायचं. ती म्हणायची, "बहुतेक उतार पडेल. नाही पडला तर पुन्हा या, दुसरं काहीतरी बघू." तिच्याकडे जाणारी माणसं कमी कमी होत गेली. गिऱ्हाईकाला पुष्कळदा खरं ऐकायचं नसतं, त्याला निर्धास्त होऊन घरी जायचं असतं. ज्यानं हे ओळखलं त्याचं दुकान चालतं. चालतं म्हणून ते बरोबर असतं असं नाही, पण चालतं.

पुढं म्हाताऱ्याच्या पायांनी दगा दिला. गुडघे धरले, उभं राहवेना. त्याला मुलगा नव्हता, एक लेक होती आणि तिचा नवरा घरजावई म्हणून राहायला आला होता. गावानं काठी त्याच्या हातात दिली.

जावई वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. अंगानं धट्टाकट्टा, बोलायला गोड. पण घरजावयाला गाव कधी सुखानं जगू देतं का? बायका धुणं आपटता आपटता म्हणायच्या, "काय जावईबापू, सासऱ्याचं घर मिळालं, वर हुंड्यात नदीपण मिळाली!" पुरुष म्हणायचे, "जावईबापू, पाण्यात उभं राहून मुळं फुटली नाहीत ना?" तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. गावात न्हाव्याला मान, वैद्याला मान, आणि आपण मात्र खांबासारखे पाण्यात उभे.

तरी पहिलं वर्ष त्यानं सासऱ्याच्या रीतीनं काढलं. दुसऱ्या वर्षी कार्तिकात त्याला हिवताप भरला. अंगावर घोंगडी घेऊन तो कसाबसा काठावर आला. बाजाराची माणसं खोळंबलेली.

"जावईबापू, उतरा लवकर. उन्हं वर यायला लागली."

त्याचे दात वाजत होते. पाण्याकडे बघूनच अंगावर काटा आला. त्यानं उताराजवळच्या एका काळ्या दगडाकडे बघितलं. कालच्याइतकंच पाणी. आणि मग, कसं कोण जाणे, त्याचा तळवा वर गेला, डोळे अर्धे मिटले आणि तोंडातून निघालं, "जा बिनघोर. गॅरंटी!"

माणसं गेली. सगळी सुखरूप पलीकडे चढली. उलट लवकर गेली, कारण त्यानं आधी जाऊन यायचा वेळ वाचला.

संध्याकाळी परतताना जो तो त्याची पाठ थोपटायला लागला. "वा! आता खरे तुम्ही वाटाडे शोभता. सासरेबुवांनी उगाच आयुष्यभर पाय कुजवले." त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्याला मुळं फुटली का म्हणून विचारलं नाही.

ताप चार दिवसांत उतरला. पण जावई पुन्हा पाण्यात उतरला नाही. काठावर शेकोटी करायची, काळा दगड बघायचा आणि तळवा वर करायचा. लोक खूश, तोही खूश.

घरात म्हातारा खाटेवर पडून असायचा. एके दिवशी त्यानं जावयाला जवळ बोलावलं. धोतराचा सोगा हातात धरला, बोटांनी चोळून बघितला.

"कोरडं आहे."

"हो मामा. आता काठावरूनच होतं काम."

"ते कसं?"

"दगडावरून पाणी कळतं की."

"पाणी कळतं," म्हातारा म्हणाला. "वाळूचं काय? ती दगडाला कशी कळणार? वाळू रोज हलते. ती पायालाच कळते."

लेक चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बाबा, पडल्या पडल्या कशाला त्रास करून घेता? इतके दिवस झाले, कुणाचं काही वाईट झालंय का?"

म्हातारा सोगा सोडेना. तो जावयाला म्हणाला, "तू त्यांना सांगतोस जा म्हणून. आणि जाताना काही झालं, तर तू कुठं असतोस?"

जावयानं सोगा हळूच सोडवून घेतला आणि बाहेर गेला. मार्गशीर्ष सरायच्या आत म्हातारा गेला. त्यानंतर धोतर ओलं आहे की कोरडं, हे विचारणारं घरात कुणी राहिलं नाही.

पौष लागला. संक्रांत तोंडावर आली.

गावाच्या टोकाला एक कुंभार आणि त्याची बायको राहायची. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी. संक्रांतीआधी कुंभाराच्या घरी झोप नसते. सुगडं करायची असतात ना! ती इवलीइवली मडकी, ज्यांत बायका ऊस, बोरं, हरभरे, तिळगूळ घालून वाण देतात. कुंभार चाक फिरवायचा आणि माती मळायची ती कुंभारीण. तिच्या हातची मळलेली माती लोण्यासारखी असायची, एक खडा सापडायचा नाही. कुंभार म्हणायचा, "मी नुसतं फिरवतो. मडकं तीच करते."

सुगडांचं एक वाईट असतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशीपर्यंत सगळ्यांना हवी, आणि संक्रांत उलटली की कुणी फुकट दिली तरी घेत नाही. तेव्हा आदल्या दिवशीचा बाजार गाठायलाच हवा. कुंभार शेवटचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडायला घरी थांबला. कुंभारीण पाटीत पेंढा घालून, त्यात सुगडं रचून, पाटी डोक्यावर घेऊन फटफटताना उतारावर आली. मोक्याची जागा धरायची म्हणून ती सगळ्यांच्या पुढं. तिच्या मागं दोन माळणी भाजी घेऊन येत होत्या.

आता गावाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आदल्या रात्री घडून गेली होती. वरच्या अंगाला लांब एका गावानं हिवाळ्याच्या पाण्यासाठी मातीचा बांध घातला होता. तो फुटला. पाण्याचा एक लोंढा आला, उतारावरून गेला आणि गाव उठायच्या आत ओसरलाही. सकाळी काळ्या दगडापाशी पाणी रोजच्याइतकंच. पण जाताना लोंढ्यानं तळाची वाळू खरवडून नेली होती. जिथं म्हातारा उभा राहायचा, नेमका तिथं दोन पुरुष बुडतील एवढा खड्डा पडला होता. वरून पाहणाऱ्याला तिथं फक्त थोडं संथ, गुळगुळीत पाणी दिसत होतं.

जावयानं नुकती कुठं शेकोटी धरवली होती. पाठ शेकून निघत होती.

"दाजी," कुंभारीण म्हणाली, "उतरता ना आधी?"

"कशाला? काल होतं तेवढंच पाणी आहे. तो दगड बघा की."

"दगडच बघतेय. पार डोक्यापर्यंत ओला दिसतोय."

"दव आहे, वहिनी. पौष महिना आहे."

"आणि हे गवत? सगळं एका अंगाला झोपलंय."

"गुरं लोळली असतील."

मागून एक माळीण म्हणाली, "गुरं कसली! बायकोनं घराबाहेर काढलं असेल, रात्रभर जावईबापूच लोळले असतील इथं!" दोघी माळणी हसल्या. जावईही हसला. कुंभारीणही हसली, पण पाटी सावरत तिथंच उभी राहिली.

"चेष्टा नका करू गं. दाजी, डोक्यावर सुगडं आहेत, मला वाकून पाय चाचपता येत नाही. जरा पुढं होऊन बघा ना. तुमचे मामा असते तर मला विचारायलाही लागलं नसतं."

खरं सांगायचं तर त्या वेळी जावयाचा हात काठीकडे गेला होता. काठी शेजारीच पडली होती. उठायचं, चार पावलं टाकायची, एवढंच होतं. पण पाणी बर्फासारखं, आणि पाठीला शेक लागलेला. त्यात दोन बायकांसमोर सासऱ्याचं नाव निघालेलं. हात मागं आला.

"मामांना बोलता येत नव्हतं म्हणून ते पाण्यात जायचे," तो म्हणाला. "मी सांगतोय ना तोंडानं? जा वहिनी. गॅरंटी!"

आणि तळवा वर केला.

कुंभारणीनं पुन्हा एकदा दगडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर."

ती उतरली. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं, गुडघ्याला आलं. एका हातानं पाटी धरलेली, दुसऱ्या हातानं लुगडं. मधोमध पोचली. ती ओरडलीसुद्धा नाही, वेळच मिळाला नाही. पाटी तेवढी क्षणभर पाण्यावर दिसली, मग तीही गेली. सुगडं बुडाली. पेंढा तेवढा वर आला आणि गोल गोल फिरायला लागला.

माळणींच्या किंकाळ्यांनी गाव गोळा झालं. जावई पाण्यात उडी टाकून गेला होता. चार वेळा बुडी मारली. खाली हाताला पाणीच लागत होतं, तळ लागत नव्हता. पाचव्यांदा बुडी मारायला निघाला तेव्हा लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याच्या मुठीत थोडा ओला पेंढा होता.

कुंभारीण दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली. त्या दिवशी संक्रांत होती. गावात कुणी कुणाला तिळगूळ दिला नाही.

तेरावं झाल्यावर पारावर पंच बसले. सगळं गाव जमलं. कुंभार एका बाजूला मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. जावई पंचांपुढं उभा होता. पंधरा दिवसांत त्याचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता.

थोरले पंच म्हणाले, "तू तिला जा म्हणालास?"

"म्हणालो."

"पाण्यात न उतरता?"

"न उतरता." मग त्यानं मान वर केली. "पण पंच, मी नुसता एक शब्द बोललो. तो कोण बोलत नाही? न्हावी बोलतो, वैद्यबुवा बोलतात. तुम्हीच माझी पाठ थोपटली होती. त्या शब्दानं माझ्यावर काय बंधन येतं, हे मला कुणी सांगितलं होतं का?"

पारावर चुळबूळ झाली. न्हावी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. वैद्यानं उपरणं नीट केलं. गोष्ट खरी होती. आपण सगळे रोज ज्या शब्दानं जेवतो-झोपतो, त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नव्हता.

मग पंचांनी शाळेच्या मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर तालुक्याला राहून चार बुकं इंग्रजी शिकून आले होते.

"मास्तर, गॅरंटी म्हणजे काय?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "अवघड काही नाही. मी एखादी गोष्ट चांगली म्हणून दिली आणि ती खोटी निघाली, तर तिच्या जागी मी दुसरी देईन, नाहीतर तुमचं झालेलं नुकसान मी सोसेन. असं आधीच कबूल करणं, म्हणजे गॅरंटी."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कुंभारानं विचारलं, "म्हणजे मडकं गळकं निघालं तर आम्ही दुसरं देतो, तसं?"

"अगदी तसंच."

"आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या देतो ते आम्ही," कुंभार म्हणाला. "बाई खापरं घेऊन आली की दुसरं मडकं काढून द्यायचं. त्याला काही नाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं."

त्यानं मुलीला मांडीवरून खाली ठेवलं. उठून जावयासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही.

"मग दे," तो म्हणाला.

जावई एक पाऊल मागं सरकला.

"तू तिला गॅरंटी दिली होतीस. ती खोटी निघाली. मास्तर काय म्हणाले ऐकलंस ना? तिच्या जागी दुसरी दे."

जावई मटकन खाली बसला. त्यानं कुंभाराचे पाय धरले. "मला मारा. माझा जीव घ्या, मी हूं की चूं करणार नाही."

"तुझा घेऊन मी काय करू?" कुंभार म्हणाला. "तुला माती मळता येते? माझ्या पोरीची वेणी घालता येते? तुझ्या घरी एक बाई रडेल, तेवढंच वाढेल."

त्यानं पाय सोडवून घेतले. मुलीचा हात धरला आणि चालता झाला. पंचांनी निवाडा दिलाच नाही. कसला देणार? त्या पारावर बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी तळवा वर केला होता.

कुंभारानं त्यानंतर चाक फिरवून पाहिलं. माती स्वतः मळली. मडक्यांत खडे राहायला लागले, आव्यात मडकी तडकायला लागली. फाल्गुनात त्यानं चाक गाढवावर घातलं, मुलीला बसवलं आणि गाव सोडलं. उताराकडे वळूनही बघितलं नाही. डोंगराच्या वाटेनं गेला.

गावातली माणसंही आता बाजाराला डोंगराच्या वाटेनं जायला लागली. पहाटेऐवजी मध्यरात्री उठायला लागली. म्हाताऱ्या माणसांनी बाजार सोडला. ज्या लेकी पलीकडे दिल्या होत्या, त्यांचं माहेरी येणं तुटलं.

आणि तो शब्द? महिनाभर कुणी उच्चारला नाही. मग एके सकाळी कुणाची तरी दाढी करताना तो न्हाव्याच्या तोंडून निसटला. न्हावी दचकला. गिऱ्हाईक दचकलं. मग वस्तरा पुन्हा चालायला लागला. दुसऱ्या दिवशी न्हावी दचकलाही नाही.

जावई मात्र रोज उजाडताना काठी घेऊन पाण्यात उतरायला लागला. काठी टेकायची, पाय सरकवायचा. खड्डा कुठं आहे, त्याला वळसा कसा घालायचा, वाळू परत कुठं साठायला लागलीय, सगळं त्याच्या पायांना कळलं होतं. उतार आता पुन्हा धड होता. तो पलीकडे जाऊन परत यायचा आणि मधोमध उभा राहायचा. त्याच्या अंगावरून पाणी जायचं. माणूस मात्र एकही जात नव्हतं. संध्याकाळी तो निळ्या पडलेल्या पायांनी घरी यायचा. बायको गरम पाण्याचं घमेलं पुढं ठेवायची आणि त्याच्याकडे न बघता आत जायची.

असे दोन हिवाळे गेले. एके दिवशी एक परमुलखातला वाटसरू उतारावर आला. त्याला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. घाईत होता, पलीकडे कुणीतरी आजारी होतं. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला त्यानं हाक मारली.

"अहो पाहुणे! वाट आहे का इथून?"

जावयानं मान हलवली. हातानं खूण केली, माझ्या वरच्या अंगानं या. पुढं होऊन हात पसरला.

वाटसरूनं पाण्याकडे बघितलं. "सुखरूप जाईन ना? गॅरंटी देता का?"

जावयाचे ओठ हलले. पण तो शब्द त्यानं उच्चारला नाही. पसरलेला हात तसाच ठेवून, थंडीनं थरथरत, कमरभर पाण्यात उभा राहिला.

वाटसरूनं थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःशीच म्हणाला, "गॅरंटी देत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे." त्यानं पिशवी खांद्यावर टाकली आणि डोंगराच्या वाटेला लागला. पलीकडे पोचायला त्याला दिवस लागणार होता, आणि पलीकडच्या आजाऱ्याकडे दिवस होता की नाही, कोण जाणे.

तात्पर्य एवढंच: ज्या शब्दापायी स्वतः पाण्यात उतरायची तयारी नाही, त्या शब्दावर दुसऱ्याला पाण्यात उतरवू नये. आणि एकदा तसं केलं, की मग खरोखर पाण्यात उभं राहिलं तरी उपयोग होईलच, असं नाही.